‘गुरुत्वकेंद्र’ अस्सल आपलं?

मायबोलीकर: पृथ्वी-चंद्रावरच्या एका लेखात ‘बॅरीसेंटर’ वाचून डोकं उठलं. ‘गुरुत्वकेंद्र’ हा अस्सल आपल्या मातीतला शब्द असताना ग्रीकांची उसनवारी कशाला?

कर्कटक: ‘अस्सल आपल्या मातीतला’ वाचलं आणि राहवलं नाही. अहो, त्यातलं ‘केंद्र’च ग्रीक आहे! मूळ ‘केंत्रॉन’, म्हणजे टोचणारी अणी, बैलाची पराणी. कर्कटकाचं एक टोक कागदात रुतवून दुसरं फिरवतो ना, ते रुतलेलं टोक म्हणजे केंत्रॉन; त्यावरून वर्तुळाचा मध्य. यवनांच्या, म्हणजे ग्रीकांच्या, ज्योतिषाबरोबर तो संस्कृतात आला. कुंडलीतली १, ४, ७, १० ही केंद्रस्थानं त्याच वाटेची. यवन म्लेच्छ असले तरी हे शास्त्र त्यांच्याकडे नीट आहे, असं आपल्या ज्योतिषी वराहमिहिरानंच लिहून ठेवलंय. उलट ‘बॅरी’ आला ‘बारीस’वरून, अर्थ जड. हा ‘बारीस’ आणि आपला ‘गुरु’ (त्याचाही अर्थ जडच) एकाच मुळातून फुटलेले. तुम्ही हाकलताय तो भाऊबंद, आणि घरचा म्हणून मिरवताय तो पाहुणा.

मायबोलीकर: दीड हजार वर्षं घरात नांदणारा पाहुणा कसला? साठ वर्षं संसार केलेल्या आजीला परक्या घरची म्हणाल का?

कर्कटक: नाही म्हणणार. पण सून कालची आहे म्हणून तिला दारातच अडवणार नाही.

मध्यगा: मुळात दोघंही शब्दावरून भांडताय, वस्तू काय ते कुणी सांगतच नाही. बॅरीसेंटर म्हणजे एकमेकांभोवती फिरणाऱ्या गोलांचा सामाईक वस्तुमानमध्य. पृथ्वी-चंद्राचा हा बिंदू पृथ्वीच्या मध्यापासून सुमारे ४,६७० किमीवर, म्हणजे जमिनीखाली १,७०० किमीच्या आसपास पडतो. सूर्य आणि गुरूचा तर सूर्याच्या पृष्ठभागाबाहेर जातो.
अवांतर: दहावीपर्यंत मी त्रिकोणाचा ‘मध्यगासंपात’ शिकले. मध्यगा तिथे २:१ मध्ये विभागतात, हे झोपेतही सांगितलं असतं. अकरावीत सरांनी ‘सेंट्रॉइड’ विचारलं आणि मी गप्प. ‘मराठी मीडियम का?’ म्हणाले, अख्खा वर्ग हसला. उत्तर येत होतं हो मला!

मायबोलीकर: तेच म्हणतोय! परिभाषा मराठीतच हवी, अकरावीतही.

सेमीवाला: म्हणूनच मुलीला सेमी इंग्रजीत घातलं. तिनं वर्गात असं उभं का राहावं?

मध्यगा: माझ्या शब्दात खोट नव्हती, दादा. ‘मध्यगासंपात’ उच्चारला की मध्यगा कुठे भेटतात ते दिसतं. ‘सेंट्रॉइड’मध्ये काय दिसतं?

सेमीवाला: प्रवेश परीक्षेचा पेपर दिसतो! भाषेचं प्रेम आमच्या लेकरांच्या मार्कांवर करू नका.

कर्कटक: विषय बॅरीसेंटरचा होता.

मध्यगा: तुमचा असेल. माझा तो वर्ग आहे.

मायबोलीकर: ठीक आहे, ‘अस्सल आपल्या मातीतला’ हे शब्द मागे घेतो. पण पोराला ‘गुरुत्वमध्य’च शिकवणार. त्यात ‘केंद्र’ही नाही, आता बोला.

कर्कटक: शिकवा. फक्त कंसात ‘बॅरीसेंटर’ लिहून द्या, अकरावीत लागेल.