मदत हवी आहे: डाळिंबाचा आंबटगोड पाक नेमका किती आटवावा?

नमस्कार.

डाळिंबाचा रस आटवून केलेल्या दाट, आंबटगोड पाकाबद्दल जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. अरबी देशांत त्याला दिब्स रुम्मान म्हणतात, तुर्कस्तानात नार एक्शिसी. आमच्या घरात तो नुसता आटीव रस. हा पाक आम्ही तिघी-चौघी मिळून दर हिवाळ्यात करतो. मात्र तो उतरवण्याची वेळ अचूक ओळखणाऱ्या वहिनी मुलाकडे सुरतेला राहायला गेल्यापासून प्रत्येक घाणा निराळा होऊ लागला आहे, म्हणून हा प्रश्न.

थोडी पार्श्वभूमी सांगते. धुळ्याला देवपुरात आमची घरे भिंतीला भिंत लागून होती. पलीकडच्या आपांचा मुलगा कुवेतला नोकरीला असून त्याने सुटीवर येताना या पाकाची एक बाटली आणली होती. आपा तो कबाबांवर आणि मटणाच्या रश्शात घालत. वहिनींनी मात्र तो थेट वांग्याच्या भरितावर ओतला. तूरकाठ्यांवर भाजलेली हिरवी वांगी, मिरची, कांद्याची पात आणि शेंगदाणे एवढे असताना भरिताला आणखी काही लागत नाही, असे म्हणून माझ्या सासूबाईंनी ते ताट बाजूला सारले होते, आणि त्यांचे म्हणणे मला आजही पटते. पण हिरव्या मिरचीच्या ठेच्यात चमचाभर पाक मिसळून तो कळण्याच्या भाकरीबरोबर एकदा खाल्ला, की मग नुसता ठेचा बेचव वाटू लागतो.

बाटलीवर डाळिंबाचा रस, साखर आणि सायट्रिक आम्ल एवढेच घटक लिहिलेले होते. ते वाचून वहिनी म्हणाल्या, "एवढंच ना? मग हे आपण करू." साक्री तालुक्यात माझ्या शाळेपासूनच्या मैत्रिणीची भगवा या वाणाच्या डाळिंबांची बाग आहे. मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याची, फळे नोव्हेंबरपासून निघू लागतात, आणि त्यांतील तडकलेल्या फळांना व्यापारी हात लावत नाही. "फेकापेक्षा तू लई जाय" (फेकण्यापेक्षा तू घेऊन जा), असे म्हणत ती दरवर्षी क्रेट भरून फळे एसटीने पाठवते. पैसे घेत नाही. बाटल्या मात्र मोजून घेते आणि एखादी कमी पडली तर फोन करते.

आमची कृती अशी आहे. फळ आडवे चिरून अर्धी वाटी तळहातावर पालथी धरायची आणि वरून लाटण्याने ठोकायची, म्हणजे दाणे बोटांच्या फटींतून परातीत पडतात आणि पांढरा पापुद्रा बराचसा सालीतच राहतो. या कामाने बोटे अशी काळसर होतात की ती साबणाने निघत नाहीत. हे काम आपांच्या ओट्यावर चालते आणि त्यात दुपार सहज सरते. गप्पांमुळे वेळ लागतो की कामामुळे, हे ठरवण्याच्या भानगडीत आम्ही कधी पडलो नाही. दाणे फडक्यात बांधून हातानेच पिळतो, कारण मिक्सरमध्ये बी भरडले गेले की रस कडवट-तुरट होतो. नंतर किलोभर रसाला 100 ग्रॅम साखर घालून पसरट स्टीलच्या पातेल्यात मंद आचेवर आटवतो. लोखंडी कढई आम्ही वापरत नाही. तिच्यात रस काळा पडतो.

खरी अडचण पाक उतरवताना येते. वहिनी चमच्याच्या पाठीवर बोटाने रेघ ओढत. ती मिटली नाही की गॅस बंद. फोनवरून त्या आजही हेच सांगतात, परंतु गरम पाक आणि गार पाक यांत इतका फरक पडतो की माझी रेघ आणि त्यांची रेघ जुळत नाही. गेल्या हंगामातील काही बाटल्यांच्या तळाशी खडे जमले, तर एका बाटलीचे झाकण उघडताच पाक फसफसला. शिवाय आमचा पाक त्या पहिल्या बाटलीइतका आंबट कधीच झाला नाही, ही आपांची जुनी तक्रार आहे.

तेव्हा डोळ्यांच्या अंदाजाऐवजी मापाने ठरवता येईल अशी पद्धत आहे का, आंबटपणा कसा वाढवावा आणि खडे व फसफसणे कशामुळे होते, हे कृपया सांगावे. प्रिझर्व्हेटिव्ह घालायचे नाही, कारण आपांकडची लहान मुले हा पाक बोटाने चाटून खातात.

पांझराकाठ

प्रतिसाद: फळप्रक्रिया

आपल्या प्रश्नाचे उत्तर वजनकाट्यात आहे. रेघेची परीक्षा चुकीची नाही, पण तापमान बदलले की ती बदलते. वजन बदलत नाही. भगव्या डाळिंबाच्या रसात साधारण 15 टक्के विद्राव्य घटक (रसात विरघळलेली साखर, आम्ल वगैरे) असतात, म्हणजे एक किलो रसात सुमारे 150 ग्रॅम. त्यात आपली 100 ग्रॅम साखर मिळवली की 250 ग्रॅम झाले. पाकात हे प्रमाण 70 टक्के हवे असेल, तर तयार पाकाचे वजन साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास भरले पाहिजे. साखर अजिबात घातली नाही, तर तोच किलोभर रस सव्वादोनशे ग्रॅमच्या थोडा आत येईपर्यंत आटवावा लागेल. रिकाम्या पातेल्याचे वजन आधीच लिहून ठेवावे आणि आटवताना अधूनमधून पातेले उतरवून, काट्यावर लाकडी पाट ठेवून त्यावर तोलावे. हे प्रमाण थेट दाखवणारे, हातात धरण्याचे रिफ्रॅक्टोमीटर नावाचे उपकरण मिळाले तर उत्तमच. द्राक्ष बागायतदारांकडे ते बहुधा असते. मात्र त्याने मोजताना पाकाचा थेंब गार झालेला असावा.

फसफसण्याचे कारण यीस्ट. पाक 65 टक्क्यांच्या खाली राहिला की त्यात ते वाढू शकते. फळांच्या सिरपसाठी आपल्या अन्नसुरक्षा नियमांतही किमान 65 टक्क्यांचीच अट आहे. उलट पाक फार आटला की खडे जमतात. थिजलेल्या मधात होते तेच इथेही होते, ग्लुकोज वेगळे होऊन बसते. अशी बाटली कोमट पाण्यात ठेवली की खडे विरघळतात, त्या पाकात वाईट असे काही नसते. फसफसलेला पाक मात्र टाकून द्यावा, पुन्हा उकळून वापरू नये.

तडकलेल्या फळांबाबत एक सावधगिरी सांगतो, कारण आपण त्याविषयी काही लिहिलेले नाही. भेगेतून बुरशी आत शिरलेली असेल, किंवा फळ आतून काळे पडले असेल, तर तेवढा भाग काढून उरलेले फळ वापरू नये. सबंध फळ फेकावे. उकळल्याने बुरशी मरते, पण तिने सोडलेली विषारी द्रव्ये सगळी नष्ट होतीलच असे नाही. तडकून फार वेळ न झालेली, आतून स्वच्छ असलेली फळे मात्र खुशाल घ्यावीत.

प्रतिसाद: नंदुरबारकर

आंबटपणाविषयी माझे मत थोडे परखड आहे. आपल्या कृतीत खोट नाही, वाणच गोड आहे. तुर्कस्तान-इराणकडे या पाकासाठी आंबट डाळिंबे घेतात. भगवा मुळात खाण्यासाठी निवडलेला. तो कितीही आटवला तरी आंबट व्हायचा नाही, कारण आम्लाबरोबर गोडीही तेवढीच वाढत जाते. आपल्या मैत्रिणीच्या बागेवर यात काही ठपका येत नाही, हे मुद्दाम नमूद करतो.

उपाय दोन आहेत. पहिला कागदी लिंबाचा: किलोभर रसाला शंभर मिलिलिटर लिंबूरस पुरेसा होतो. अर्धा सुरुवातीलाच घालावा, म्हणजे त्या आम्लाने वरून घातलेली साखर साध्या साखरांत फुटते आणि खडे जमण्याचा संभव कमी होतो. उरलेला उतरवण्याच्या थोडा आधी घालावा, म्हणजे लिंबाचा ताजेपणा टिकतो. दुसरा उपाय अनारदाण्याचा. हिमाचल आणि जम्मूच्या डोंगरांतील रानडाळिंबाचे हे वाळवलेले दाणे किराणा दुकानात मिळतात. मूठभर दाणे रात्रभर थोड्या पाण्यात भिजवून, कुस्करून, गाळून ते पाणी रसात मिसळावे. डाळिंबाला डाळिंबाचाच आंबटपणा मिळतो, म्हणून मला स्वतःला हा उपाय जास्त आवडतो. चिंच घालू नये. पाक चांगला होईल, पण तो चिंचेचा होईल.

पांझराकाठ

दोघांचेही मनापासून आभार. वजनाची पद्धत वाचल्याबरोबर सुरतेला फोन केला. वहिनी आधी थोड्या रागावल्या, "माझ्या रेघेपेक्षा तुझा काटा शहाणा का?" असे म्हणाल्या, आणि मग रिकाम्या पातेल्याचे वजन किती भरले ते विचारू लागल्या. आपांनी अनारदाणा आजच मागवला आहे. काळ्या पडलेल्या फळांबद्दलची सूचना साक्रीलाही कळवली. यापुढे फळे तिथेच निवडून क्रेटमध्ये भरली जातील.

आता एकच शंका उरली आहे. मृग बहाराची फळे हिवाळ्यात येतात, आंबे बहाराची पावसाळ्याच्या तोंडाशी, आणि वहिनी माहेरपणाला धुळ्याला येतात त्या आखाजीला (अक्षय तृतीयेला), म्हणजे नेमक्या मधल्या काळात, जेव्हा मैत्रिणीच्या बागेत फळ नसते. पाक सगळ्यांनी मिळून करावा असा त्यांचा हट्ट आहे. हिवाळ्यात काढलेला रस अक्षय तृतीयेपर्यंत टिकवता येईल का?

प्रतिसाद: फळप्रक्रिया

येईल. रस काढल्याबरोबर गाळून तो खाद्यपदार्थांसाठीच्या डब्यांत भरावा, गोठताना फुगतो म्हणून वर दोन बोटे जागा सोडावी आणि उणे 18 अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये ठेवावा. फ्रिजच्या वरच्या बर्फाच्या कप्प्यात, दार सतत उघडले जात असेल तर, तो इतका काळ नीट राहील याची खात्री देता येत नाही. आटवण्याच्या आदल्या रात्री डबे खालच्या कप्प्यात काढून ठेवावेत. वितळल्यावर तळाशी साका बसलेला दिसेल. तो न हलवता वरचा रस अलगद ओतून घ्यावा, आणि वजन त्यानंतरच करावे.