मदत हवी आहे: अमेरिकेतल्या फुटबॉलच्या ॲमॅच्युअर कपसाठी भारतातून क्लिअरन्स कसा मिळवायचा?

नमस्कार मंडळी,

मी मूळचा कोल्हापूरचा, सध्या मॅसॅच्युसेट्समध्ये फॉल रिव्हरजवळ राहतो. आमच्या रविवारच्या लीगमधल्या टीमला नॅशनल ॲमॅच्युअर (हौशी संघांच्या) कपमध्ये उतरायचंय. आधी राज्यात जिंकायचं, मग रिजनमध्ये (देशाचे चार रिजन आहेत, आमचा पहिला), आणि मग इतर रिजनच्या विजेत्यांशी गाठ. खेळाची तयारी झालीय, घोडं अडलंय नोंदणीवर.

टीममध्ये आम्ही तिघं भारतात नोंदलेले खेळाडू. मी पेठेतल्या तालमीकडून (कोल्हापुरात तालमींच्याच फुटबॉल टीम असतात) केएसए (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) लीग खेळलोय, एकजण मडगावचा, एक पुण्याचा. परदेशी संघटनेकडे नोंद असेल तर हौशी खेळाडूलाही आंतरराष्ट्रीय ट्रान्सफर सर्टिफिकेट लागतं. यूएस सॉकर (अमेरिकेची फुटबॉल संघटना) ते एआयएफएफकडे (भारताच्या फुटबॉल महासंघाकडे) मागणार. पण कोल्हापूरची नोंद केएसए, तिथून विफा (महाराष्ट्राची फुटबॉल संघटना), मग एआयएफएफ अशी जाते. कुठे अडकलं तर पाठपुरावा नेमका कुणाकडे करायचा? आपण थेट तालमीतून पत्र पाठवलं तर काही उपयोग होतो का?

दुसरं म्हणजे, शेवटच्या मॅचनंतर ३० महिने खेळाडू जुन्या संघटनेकडेच नोंदलेला राहतो, असं फिफाचा नियम सांगतो. माझे ३० महिने केव्हाच उलटलेत. तरी इथले लोक कागद मागतायत. असा अनुभव कुणाला आलाय का?

आणि मडगावच्या मित्राला क्लबकडून मॅचमागे थोडे पैसे मिळायचे. लेखी करार असेल आणि खर्चाहून जास्त मोबदला मिळत असेल, तरच खेळाडू व्यावसायिक ठरतो. त्याचा करार नव्हता. मग फॉर्मवर बिनधास्त 'हौशी' लिहावं ना?

एवढी धडपड कशासाठी, तेही सांगतो. इथल्या पोर्तुगीज वस्तीतल्या पाँटा डेलगाडा क्लबनं १९४७ साली हा कप आणि व्यावसायिक टीमना खुला असलेला ओपन कप, दोन्ही जिंकले. त्यांचे जॉन सूझा आणि एड सूझा १९५० च्या वर्ल्ड कपमध्ये इंग्लंडला १-० हरवणाऱ्या अमेरिकन संघात होते. जुनं झालं म्हणाल, तर बाल्टिमोरच्या ख्रिस्तोस एफसीचं बघा. दारूच्या दुकानाच्या नावाची टीम, २०१६ चा ॲमॅच्युअर कप जिंकली. २०१७ च्या ओपन कपमध्ये डी.सी. युनायटेडवर पहिला गोल त्यांनीच मारला. मॅच ४-१ नं गेली, पण गेली ती एमएलएसच्या (इथल्या सर्वात वरच्या व्यावसायिक लीगच्या) टीमशी भिडून! शाहू स्टेडियमवर भरउन्हात हजारो लोक पेठेची मॅच बघायला बसतात. आपल्या पोरांना तालमीच्या टीममधूनच असं वर चढता आलं असतं तर, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

कुणी या वाटेनं गेलं असेल तर कृपया लिहा.

प्रतिसाद

दादा, आमच्या लीगमध्ये माझं हेच काम असतं. ३० महिने झाले असले तरी अर्ज कराच, शेवटच्या मॅचची तारीख त्यात स्पष्ट लिहा. तालमीचं नाव केएसएच्या नोंदीत जसं आहे तसंच पूर्ण टाका, बोलीतलं छोटं नाव नको. तुमचं नाव पासपोर्टप्रमाणे. जुन्या ओळखपत्रावर वडिलांचं नाव मधे असेल आणि पासपोर्टवर नसेल, तर दोन्हींच्या प्रती जोडा. तालमीचं पत्र सर्टिफिकेटची जागा घेत नाही, पण तिथल्या सेक्रेटरींना आधी फोन करून ठेवा, म्हणजे विचारणा आली की उत्तर लवकर जाईल. मडगावच्या मित्रानं पैशांची गोष्ट लपवू नये. करार नव्हता हे क्लबकडून लेखी घ्या. आणि टीमची यादी कधी बंद होते ते राज्य संघटनेला आजच विचारा.