मदत हवी आहे: मॉरिशसला जाताना मुलीला फ्रेंच शिकवू की क्रेओल?

नमस्कार मंडळी. यजमानांची बदली मॉरिशसला झाली आहे, लेक चौथीत आहे. "इंग्रजांचं राज्य होतं, इंग्रजी चालतं" असं सगळे सांगतात. ते अर्धंच खरं दिसतंय. 1810 मध्ये इंग्रजांनी बेट फ्रेंचांकडून घेतलं, पण तिथले कायदे आणि रीतिरिवाज तसेच राहू दिले. 1968 पर्यंत राज्य करूनही फ्रेंच काही हटली नाही. संसदेची भाषा इंग्रजी, पण सदस्य फ्रेंचमध्येही बोलू शकतात. वर्तमानपत्रं बहुतेक फ्रेंच. आणि घरात, बाजारात, बसमध्ये क्रेओल, म्हणजे फ्रेंचवरून घडलेली तिथली बोलीभाषा! 'की मान्येर' म्हणजे 'कसं काय', एवढंच मला येतं.

तिथे राहिलेल्यांना विचारते: पुस्तकं इंग्रजी असली तरी बाई वर्गात फ्रेंच किंवा क्रेओलमध्ये समजावतात का? जाण्याआधीच्या चार महिन्यांत फ्रेंचची शिकवणी लावू, की क्रेओल मैत्रिणींत आपोआप येईल? 2012 पासून प्राथमिक शाळेत क्रेओल हा ऐच्छिक विषय आहे, मराठीही आहे. दोन्ही एकत्र घेता येतात का? मराठी सुटू नये असं फार वाटतं. (सासूबाईंना तर तीच एक काळजी.)