बीट वाजताच प्रोड्यूसर ओळखू येतो, तो नेमका कशावरून?

म्हापशेंकार:
नमस्कार मंडळी. मी लॅपटॉपवर एफएल स्टुडिओ या सॉफ्टवेअरमध्ये बीट्स (रॅपखालचं संगीत) करतो. कॉलेजातले मित्र कोंकणी-मराठी मिसळून रॅप करतात, त्यांच्यासाठी. माझी अडचण अशी की माझी कुठलीही बीट ऐका, ती कुणीही केलेली असू शकेल असं वाटतं. ड्रम किट विकत घेतले, प्लगइन बसवले, फरक शून्य. उलट डीजे प्रीमियर किंवा जे डिला या अमेरिकन प्रोड्यूसरांचं काही लागलं की रॅपरनं तोंड उघडायच्या आधीच नाव कळतं. हे कशात असतं? ड्रमच्या आवाजात, सॅम्पलमध्ये (जुन्या रेकॉर्डमधून उचललेल्या तुकड्यात) की मिक्सिंगमध्ये? जाणकारांनी सविस्तर सांगावं.

रात्रपाळी:
टॅग, म्हणजे बीटमध्ये प्रोड्यूसरची ओळख सांगणारा आवाज, करून घे. मेट्रो बूमिनची बीट आहे हे निम्म्या लोकांना टॅगवरूनच कळतं.

शामेलवालो, फोंडा:
टॅग कापून टाकला तरी माणूस ओळखू यायला हवा, प्रश्न तो आहे.

मी चवथीला आमच्या वाड्यावरच्या घुमट आरतीत (घुमट हे मातीचं चर्मवाद्य) शामेल हे साथीचं चर्मवाद्य वाजवतो आणि एरवी घरच्या खोलीत बीट्स आणि भजनी मंडळांची रेकॉर्डिंगं करतो. त्यामुळे माझं उत्तर तालाच्या बाजूनंच येणार. ठोका कुठे पडतो, ओळख सगळ्यात आधी तिथे असते. त्याचा आवाज कसा, हे त्यानंतर.

डिलाचं घे. डेट्रॉइटचा जेम्स यान्सी, २००६ साली ३२ वर्षांचा असताना गेला. त्याचं बीट करायचं मशीन, एमपीसी ३०००, आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. तो क्वांटाइझ (ठोके आपोआप नेमक्या जागी, ग्रिडवर बसवायची सोय) बंद करून हातानं वाजवायचा, एवढंच सगळीकडे लिहिलेलं असतं. पण क्वांटाइझ बंद करून आपण कुणीही वाजवलं तर ते बहुतेक वेळा नुसतं सैल वाजतं. त्याच्या कित्येक बीट्समध्ये प्रत्येक आवाजाला स्वतःची ठरलेली जागा आहे. हायहॅट (झांज) सरळ चालतो, स्नेअर (कडक, चुरचुरीत ठोका) किंचित आधी येतो, किक (खालचा जाड ठोका) मागे रेंगाळते. एमपीसीत एकेका आवाजाची वेळ पुढेमागे सरकवता येते, आणि तो ती सोय विचारपूर्वक वापरायचा. सरळ लय आणि झुलती लय एकाच वेळी चालू असते, म्हणून ऐकताना पायाखालची जमीन जरा हलते, पण कुठेही सुटत नाही.

स्विंगचा, म्हणजे दर दुसरा ठोका उशिरा टाकण्याचा, आकडा काय करतो तेही एकदा गणित मांडून बघ. रॉजर लिननं एमपीसी ६० बनवली, १९८८ साली आली, तिच्यात स्विंग ५० ते ७५ टक्के. ५० म्हणजे दोन सिक्स्टीन्थ (पाव मात्रा) अगदी समान. ९० बीपीएमला (मिनिटाला ९० मात्रा) एक मात्रा सुमारे ६६७ मिलिसेकंदांची, तिचा चौथा भाग १६७. स्विंग ५४ केलास की दुसरा ठोका १८० वर जातो, म्हणजे १३ मिलिसेकंद उशिरा. ५८ केलास तर २७ उशिरा. हे १३ मिलिसेकंद कानाला उशीर म्हणून कळत नाहीत, मानेला कळतात. तू एफएलमध्ये सगळ्या ट्रॅकना एकच स्विंग लावत असशील तर सगळं एकत्रच झुलतं, आणि तसं झुलणारी बीट लाखोंनी केलेली आहे.

आपल्याकडे हे परकं नाही रे. लयभास्कर खाप्रूमामा पर्वतकर आपल्या गोव्याचेच. एका हातानं एक ताल, दुसऱ्या हातानं दुसरा, पायानं तिसरा धरायचे, असं जुने वादक अजून सांगतात. एकाच वेळी दोन लयी अंगात वागवायच्या, हा विचार डेट्रॉइटहून मागवायला नको.

आता आवाजाकडे. १९८७ च्या एसपी-१२०० या सॅम्पलिंगच्या मशीनमध्ये एकूण सॅम्पल मावायचं जेमतेम १० सेकंद, तेही १२ बिट आणि २६ किलोहर्ट्झला. जागा वाचवायला लोक ३३ ची रेकॉर्ड ४५ च्या जास्त वेगावर लावून सॅम्पल घ्यायचे आणि मशीनमध्ये ती पुन्हा खाली आणायचे. त्या खाली आणण्यात जी खरखर उमटते तीच नव्वदच्या दशकातल्या न्यूयॉर्कची किक आणि स्नेअर. प्रीमियरनं वेगळा रस्ता धरला. जुन्या रेकॉर्डचे इवलेसे तुकडे करायचे, पॅडवर पसरायचे आणि नव्या क्रमानं वाजवायचे, की मूळ चाल उरतच नाही. वर हुकच्या (मुखड्याच्या) जागी दुसऱ्याच गाण्यांतल्या ओळी स्क्रॅच केलेल्या. दोघा-तिघांच्या आवाजाचे तुकडे जोडून वाक्य पुरं करणं ही त्याची सही.

तुझ्याकडे टंचाई नाही, ही मला खरी अडचण वाटते. किटमध्ये हजार किक असल्या की प्रत्येक बीटला वेगळी लागते, मग कान कुठल्याच किकवर ठरत नाही. चार किक, तीन स्नेअर, दोन हॅट निवड आणि पुढचे काही महिने त्यांच्याबाहेर जाऊ नकोस. त्यातली निदान एक तू स्वतः रेकॉर्ड केलेली असू दे.

मडगांवची_व्हायोलिन:
लयीचं सगळं मान्य, पण दादा, तुम्ही सुरांना फारच थोडक्यात उरकलंत. वू-टँग क्लॅनच्या रिझाचे वेग वाढवून खारीसारखे चिरके केलेले सोलचे आवाज आणि जुन्या कुंग फू चित्रपटांतले संवाद, हे ड्रम बंद केले तरी ओळखू येतात. नेपच्यून्स या प्रोड्यूसर जोडीकडे कॉर्ग ट्रायटन कीबोर्डचे तेच आवाज होते जे दुकानात कुणालाही मिळत. त्यांनी ओळख केली ती मोकळी जागा सोडून. दोन-तीन वाद्यं, मध्ये भरपूर शांतता. प्रोड्यूसर टिंबालँडनं २००१ साली रॅपर मिसी एलियटसाठी पंजाबी तुंबी आणि तबला वापरला, तोही तसाच मोजका.

आणखी एक, कारण इथे लिहावंसंच वाटतं. मॅडलिब या अमेरिकन प्रोड्यूसरनं २००७ साली भारतीय रेकॉर्ड्सवरून आख्खा अल्बम केला, त्यात हिंदी सिनेसंगीताचा मोठा वाटा. मुंबईच्या त्या फिल्मी ऑर्केस्ट्रांत आमचे किती गोंयकार वाजवत होते! सेबास्टियन डिसोझांसारखे अरेंजर तर सगळ्या देशाला ऐकू आले. म्हापशेंकारा, आधी घरातल्या जुन्या रेकॉर्ड आणि कॅसेट काढून ऐक. कुठला स्वर ऐकून तू थांबतोस ते बघ. दहा जणांना एकच रेकॉर्ड दिली तर दहा जण वेगवेगळ्या ठिकाणी थांबतील, आणि ओळख तिथून सुरू होते असं मला वाटतं.

म्हापशेंकार:
ताई, दादा, दोघांनाही देव बरें करूं. मी खरंच सगळ्या ट्रॅकवर एकच स्विंग ठेवत होतो. दादा, स्वतः रेकॉर्ड करायचं तर मला घुमट हवंय, मामाकडे आहे. माझ्याकडे एकच माइक आहे. कसं करू? आणि ट्रॅप (रॅपची एक शैली) बीटवर घुमट चालेल का?

शामेलवालो, फोंडा:
ताईंचं थांबण्याबद्दलचं अगदी बरोबर, ते मी लिहायला हवं होतं.

घुमटाला मोठ्या तोंडावर चामडं असतं आणि मागचं लहान तोंड उघडं. एक हात चामड्यावर वाजतो, दुसऱ्याचा तळवा मागचं तोंड दाबतो-सोडतो, आणि त्यानं घुमार वर-खाली होतो. ट्रॅपमध्ये ८०८ (ड्रम मशीनचा खोल बास) सरकवतात ना, तसं काम मातीचं भांडं हातानं करतं. म्हणून एकच माइक असेल तर तो मागच्या तोंडाच्या बाजूला, तिरका, वीतभर लांब ठेव. अगदी समोर धरलास तर हवेचा फुस्कारा येईल. पंखा बंद. पावसाळ्यात चामडं ओल धरून ढिलं पडतं, तेव्हा आधी शेकून घे, आणि मामांकडूनच शेकून घे, ते सांभाळून करतील. पूर्वी घोरपडीचं चामडं असायचं, आता कायद्यानं बंदी आहे, बकरीचं लावतात. मामांकडचं कुठलं आहे ते विचारून घे, आवाजात फरक पडतो. मामांना वाजवू दे, तू फक्त रेकॉर्ड कर. एकेक ठोका सुटा घे आणि आरतीचं एक आवर्तन सलगही घे.

कापताना ठोक्याच्या अगदी तोंडाशी कात्री लावू नकोस. आधीची थोडी शांतता राहू दे. तेवढ्यानंच तो आवाज ग्रिडवर ठेवूनही किंचित उशिरा पडतो. एका ठोक्याला १० मिलिसेकंद ठेव, दुसऱ्याला २०, आणि ऐकून ठरव.

ट्रॅपवर चालेल. पण तयार बीटवर शेवटी घुमट शिंपडलं तर ते पर्यटन खात्याच्या जाहिरातीसारखं ऐकू येतं, आणि २०१९ मध्ये राज्याचं वारसा वाद्य ठरलेल्या वाद्याला ते शोभत नाही. उलट्या बाजूनं जा. आधी मामांचं आवर्तन लाव, क्वांटाइझ न करता. त्यांची सम कुठे पडते ते ऐक, किक तिच्यामागे ठेव, मग स्नेअर. ८०८ अगदी शेवटी, आणि घुमटाचा खालचा घुमार जिथे आहे तिथे ८०८ नको, दोघं एकमेकांना खातील.

फाइल झाली की इथेच टाक. बीपीएम लिहायला विसरू नकोस.