मदत हवी आहे: पाळणाघरात कांजिण्या, किती दिवस बंद ठेवू?

चिऊचं_घर (शुक्रवार, सकाळी)
पटकन सांगा कुणीतरी, पालकांचे फोन थांबत नाहीयेत. कर्वेनगरला घरीच पाळणाघर चालवते, सात मुलं आहेत, सासूबाई मदतीला असतात. त्यातल्या एकाला कांजिण्या निघाल्यात. मंगळवारी दुपारी झबलं बदलताना कानामागे दोन फोड दिसले, टपोरे, पाणी भरलेले, त्याच्या आईला फोटो टाकला तर म्हणे डास चावले असतील. डास चावून पाणी भरतं का? काल त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं कांजिण्याच. आता मला दोनच गोष्टी हव्यात, किती दिवस बंद ठेवायचं आणि घर कशाने पुसायचं, फिनेल पुरेल का ब्लीच लागेल? चटया, दुपटी, लाकडी खेळणी सगळंच आहे. ब्लीच शक्यतो नको, आत्ता मला वास सहन होत नाहीये. आणि हिंजवडीला जाणाऱ्या दोन आया म्हणतायत बंद ठेवूच नका, आम्हाला रजा नाही.

तिखटमीठ
आठवडाभर बंद. सगळ्या चटया गच्चीत कडक उन्हात टाका, मार्चचं ऊन फुकट आहे.

आजी_ऑनलाईन
अगं बाळा, घाबरू नकोस. कडुनिंबाचा पाला दाराला बांध, पोराच्या अंथरुणात घाल, घरात फोडणी द्यायची नाही, अंडं-मटण नाही. आमच्या वाड्यात एकदम नऊ पोरांना आल्या होत्या, सगळी ठणठणीत झाली. देवीचं असतं ते, शिव्या द्यायच्या नाहीत.

सॉफ्टवेअर_बाबा
आजी, आदर आहे, पण हा व्हायरस आहे, फोडणीचा काय संबंध? आणि पोरगं त्याच्या घरी आहे, पाला ताईंच्या दाराला बांधून काय होणार?

आजी_ऑनलाईन
खाज कमी होते पाल्याच्या पाण्याने अंघोळ घातली की. करून बघ, मग बोल.

निशिगंध
ताई, ते पुसण्याचं नंतर बघू. "आत्ता वास सहन होत नाही" म्हणजे? तुम्ही प्रेग्नंट आहात का?

चिऊचं_घर
हो, पाचवा महिना. पण तो विषय नाहीये, मी विचारतेय घर कशाने पुसायचं.

निशिगंध
तोच विषय आहे हो! मुलांच्या वॉर्डात नर्स आहे म्हणून विचारते. तुम्हाला स्वतःला लहानपणी कांजिण्या येऊन गेल्यात का? लस घेतली होती का? कितवा आठवडा? आणि मंगळवारी त्या बाळाला तुम्ही हाताळलंत का सासूबाईंनी?

तिखटमीठ
मला वाटलं वास म्हणजे दमा.

चिऊचं_घर
अठरावा. हाताळलं म्हणजे काय, मीच भरवलं, मीच मांडीवर झोपवलं, सोमवारी पण. लस वगैरे आमच्या वेळी कुठे होती. आईला फोन केला तर ती म्हणते तुला दुसरीत असताना येऊन गेल्यात, आणि मावशी शेजारूनच ओरडतेय की त्या कांजिण्या नव्हत्या, गोवर होता. दोघींचं भांडण लागलंय, मी फोन ठेवला. कपाळावर एक खड्डा आहे माझ्या, तो कशाचा ते कुणालाच माहीत नाही.

डबलबीन
गोवर असेल तर रुबेला पण चेक करा. माझ्या वहिनीला सातव्या महिन्यात डॉक्टरांनी अख्खं पॅनेल करायला लावलं होतं, भयंकर बिल आलं होतं.

सॉफ्टवेअर_बाबा
सोपं आहे. पुण्यात राहून कशाला चिंता, पाषाणला एनआयव्ही, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्था आहे, १९५२ पासूनची, तिथे व्हायरसच तपासतात. तिथे सॅम्पल नेऊन द्या.

निशिगंध
अहो एनआयव्हीत कोण असं रांगेत उभं राहून रक्त देतं? कुठल्याही बऱ्या लॅबमध्ये "व्हॅरिसेला आयजीजी" सांगायचं, कांजिण्यांच्या अँटीबॉडीज बघायची साधी रक्ताची तपासणी आहे. आजच द्या. पॉझिटिव्ह आली तर तुम्हाला पूर्वी येऊन गेल्यात, संरक्षण आहे, सुटलात. निगेटिव्ह आली तर मात्र घड्याळ चालू झालंय असं समजा. अशा गरोदर बाईला द्यायचं एक इंजेक्शन असतं, तयार अँटीबॉडीजचं, ते संपर्कापासून १० दिवसांच्या आत, जितकं लवकर तितकं बरं. काही डॉक्टर त्याऐवजी असायक्लोव्हिरच्या, म्हणजे विषाणूवरच्या औषधाच्या गोळ्या सातव्या दिवसापासून देतात. ते तुमच्या गायनॅक ठरवतील, मी नाही. पण इंजेक्शन महाग असतं आणि कुठल्याही मेडिकलमध्ये फळीवर ठेवलेलं नसतं, म्हणून म्हणते सोमवारची वाट बघू नका.
आणि हो, उठून सरळ ओपीडीत जाऊन बसू नका. आधी फोन करा. तिथे बाकीच्या पोटुशा बायका बसलेल्या असतात.

चिऊचं_घर
मग लसच घेऊन टाकते ना आज, तपासणी कशाला?

निशिगंध
नको!! ती जिवंत विषाणूची लस आहे, गरोदरपणात देत नाहीत. बाळंतपणानंतर घ्या.

मुळशीचा_पाऊस
विषय निघालाच आहे तर, माझ्या सासऱ्यांना कमरेला नागीण झालीये आणि घरात आठ महिन्यांचं बाळ आहे. नागिणीपासून पण कांजिण्या होतात का?

तिखटमीठ
वेगळा धागा काढा.

निशिगंध
होऊ शकतात, फोडातल्या पाण्यातून. विषाणू तोच आहे, एकदा कांजिण्या झाल्या की नसांमध्ये दबून बसतो आणि म्हातारपणी नागीण म्हणून उठतो. फोड कापडाने झाकून ठेवा, खपल्या धरेपर्यंत आजोबांनी बाळाला कुशीत घ्यायचं नाही. पुढचं तुमच्या बालरोगतज्ज्ञांना विचारा, इथे ताईंचं चालू आहे.

डबलबीन
बाळाला काय होतं पण पोटातल्या? कुणी सांगतच नाहीये. मी वाचलंय की हातापायात व्यंग येतं.

सॉफ्टवेअर_बाबा
तिला घाबरवायची काही गरज आहे का?

निशिगंध
अर्धवट वाचून बोलण्यापेक्षा नीट सांगते. पहिल्या २० आठवड्यांत आईला *खरंच* कांजिण्या झाल्या तर बाळाला त्रास व्हायची शक्यता असते, पण ती शंभरात साधारण एक-दोन. नुसतं संपर्कात येणं म्हणजे होणं नव्हे. आम्ही जास्त घाबरतो ते आईच्या न्यूमोनियाला, मोठ्या माणसाला कांजिण्या पोरांपेक्षा जड जातात. दुसरी वाईट वेळ म्हणजे बाळंतपणाच्या अगदी आसपास, ५ दिवस आधी ते २ दिवस नंतर, तेव्हा नवजात बाळाला गंभीर होतं. तुमचं ते लांब आहे.

चिऊचं_घर
बरं. गायनॅकशी बोलले, लॅबचा मुलगा घरी येऊन रक्त घेऊन गेला. रिपोर्ट उद्या. आता तरी सांगा पाळणाघराचं! सोमवार ते शनिवार बंद ठेवते असं ग्रुपवर टाकू का? आणि त्या मुलाचा मोठा भाऊ पण माझ्याकडेच येतो, चार वर्षांचा, त्याची आई म्हणते याला तर काहीच नाहीये, याला तरी घ्या.

तिखटमीठ
मी पहिल्यालाच आठवडा म्हटलं होतं.

निशिगंध
आठवडा चुकीचा आठवडा आहे. हिशोब करा. कांजिण्या संपर्कानंतर १० ते २१ दिवसांनी उठतात, आणि अंगावर दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच पसरतात. म्हणजे मंगळवारी ज्या पोरांनी हा प्रसाद घेतला ती या सोमवार-मंगळवारी कुणाला काही देऊ शकत नाहीत. खरा धोका पुढच्या बुधवारपासून तिसऱ्या आठवड्याच्या शेवटापर्यंत. तुम्ही आत्ता बंद ठेवून बरोबर त्या वेळी उघडणार, सगळा फायदा उलटा.
तुमचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर बंद ठेवायची गरजच नाही, आजारी पोर सोडून बाकीची येऊ देत, पालकांना मात्र स्पष्ट सांगा. निगेटिव्ह आला तर ते दोन आठवडे तुम्ही मुलांत नकोच, आणि तुम्ही स्वतः पण त्या काळात दुसऱ्याला देऊ शकता.
मोठा भाऊ अजिबात नको. एकाच घरात झोपतो, त्याला लसीचे दोन्ही डोस झाले नसतील तर पुढचा नंबर त्याचाच.

सॉफ्टवेअर_बाबा
बाकीच्या मुलांची लसीकरणाची कार्डं मागवून घ्या. ही लस सरकारी कार्यक्रमात नाही, पदरचे पैसे घालून घ्यावी लागते, म्हणून बऱ्याच जणांची राहते. आमच्या मुलीला संपर्कानंतर लगेच दिली होती, ३ ते ५ दिवसांत दिली तर उपयोग होतो म्हणाले. म्हणजे तुमच्याकडे रविवारपर्यंत वेळ आहे.

निशिगंध
हे बरोबर बोललात. पहिला डोस साधारण १५व्या महिन्यात असतो, त्यापेक्षा लहान कुणी असेल तर त्यांच्या डॉक्टरांना विचारू देत. आणि ताई, पालकांत अजून कुणी गरोदर आहे का?

चिऊचं_घर
आहे एक. तिसरा महिना, अजून कुणाला सांगितलं नाहीये तिने, मला तेवढं माहितीये. ग्रुपवर कसं टाकू? तिला वेगळा फोन करते आत्ताच.

तिखटमीठ
बंदच्या दिवसांची फी कापणार का? आमच्या पाळणाघरवाल्या बाई दिवाळीत आठ दिवस बंद ठेवून पूर्ण महिन्याचे घेतात.

आजी_ऑनलाईन
त्या बाईंना पण घरभाडं असतं हो.

डबलबीन
फी कापायलाच हवी, सेवा नाही तर पैसे कशाचे?

निशिगंध
फीचं वेगळ्या धाग्यावर भांडा. आजी, तुमच्या नऊ पोरांना ताप आला तेव्हा काय दिलंत माहीत नाही, पण आजारी पोराच्या आईला सांगा ताई, अ‍ॅस्पिरिन अजिबात नाही, आयब्युप्रोफेन पण नको, पॅरासिटामॉल डॉक्टर सांगतील तेवढं. नखं कापा. पाल्याचं पाणी कोमट असेल तर घाला, माझी हरकत नाही.

आजी_ऑनलाईन
बघ. शेवटी पाला.

चिऊचं_घर (शनिवार, संध्याकाळी)
आयजीजी पॉझिटिव्ह!! आई जिंकली, मावशी अजून मान्य करत नाहीये. गायनॅक म्हणाल्या काळजी नाही, अंगावर काही उठलं तर मात्र लगेच फोन. त्या दुसऱ्या ताईंनी पण त्यांच्या डॉक्टरांना विचारलंय. दोन मुलांची लस राहिली होती, आज देऊन आणली. पाळणाघर सोमवारी चालू, दोघे भाऊ सोडून. धाकटा परत कधी घेऊ? आणि फरशीचं अजून कुणीच सांगितलेलं नाही.

निशिगंध
छान झालं! धाकटा, सगळ्या फोडांच्या खपल्या धरल्या आणि नवीन येणं थांबलं की. साधारण पुरळ उठल्यापासून ५ ते ७ दिवस, पण दिवस मोजू नका, शर्ट काढून अंग बघा, केसांत पण बघा. मोठ्याचं वेगळं, त्याला लस नसेल तर घरातल्या आजाराचे तीन आठवडे उलटल्याशिवाय घेऊ नका. फरशीला साबणाचं पाणी, दुपटी गरम पाण्यात, खिडक्या उघड्या. हा फरशीपेक्षा हवेतून आणि फोडांच्या पाण्यातून जास्त पसरतो.

तिखटमीठ
आणि चटया उन्हात.