चाचणीत नापास म्हणून मॅचला बसवायचं, हे बरोबर आहे का?

राइट इनचा बाबा:
मुलगा पंधरा वर्षांचा, हॉकी अकादमीत राहून शिकतो, दुसरं वर्ष चालू आहे. अकादमीने आता नियम काढलाय की चाचणीत दोन विषय गेले तर पुढच्या चाचणीपर्यंत मॅच बंद, प्रॅक्टिसला मात्र यायचंच. हा गणित आणि फिजिक्समध्ये उडालाय. मार्कांचं दुःख आहेच, पण वेळापत्रक यांनीच बनवलंय ना? सकाळी साडेपाच ते साडेसात मैदान, मग शाळा, परत चार ते सहा मैदान, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे झाले चोवीस तास, जिम त्यात धरलेलंच नाही, आणि जेवण करून साडेआठ ते दहा अभ्यासिका. मागे भेटायला गेलो तर हा अभ्यासिकेत वहीवर डोकं टाकून झोपलेला, शिनगार्ड अजून पायात, टर्फचं पाणी लागून वहीच्या कडेची शाई पसरलेली, आणि पानावर न्यूटनच्या दुसऱ्या नियमाचं अर्धं वाक्य, शेवटच्या अक्षरापासून पेन घसरत थेट पानाच्या खालपर्यंत गेलेलं. मी त्याला उठवलं नाही, शिनगार्ड तेवढे सोडवले. अशा पोराला आळशी ठरवून बसवायचं का, एवढंच विचारतोय.

जुना सेंटर हाफ:
दादा, वाईट वाटून घेऊ नका पण नियम बरोबर आहे. आमच्या वेळी असलं काही नव्हतं, मी लागोपाठ तीन चाचण्या नापास झालो तरी कोणी विचारलं नाही कारण संघाला मी हवा होतो. विसाव्या वर्षी वळताना गुडघा फिरला, एसीएल म्हणजे गुडघ्यातला लिगामेंट गेला, ऑपरेशन झालं, आणि ज्यांना मी हवा होतो त्यांना दोन महिन्यात माझ्या जागी दुसरा प्लेअर मिळाला. हातात काहीच नव्हतं. त्या वेळी मला कोणी दोन मॅच बसवलं असतं तर मी आज त्याच्या पाया पडलो असतो. अमेरिकेत कॉलेजच्या खेळांची संघटना आहे ना, एनसीएए, तिच्या वरच्या डिव्हिजनमध्ये पहिल्या वर्षी खेळायचं तर शाळेतले ठरलेले १६ कोर्स आणि त्यात किमान २.३ जीपीए, म्हणजे चारपैकी सरासरी गुण, लागतोच, कितीही भारी प्लेअर असू दे. तिथे पोरं अभ्यास करतात कारण नाही केला तर खेळायला मिळत नाही हे त्यांना माहीत असतं.

गोलीची आई:
त्याच एनसीएएचा दुसरा नियम पण सांगा ना दादा. सीझनमध्ये खेळाडूकडून आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त सराव करून घ्यायचा नाही, एक दिवस पूर्ण सुट्टी. आणि ती अठरा-वीस वर्षांची मुलं आहेत. इथे पंधरा वर्षांच्या मुलाचे चोवीस तास वर जिम. अटी घ्यायच्या आणि मर्यादा सोडून द्यायची असं कसं चालेल?

जुना सेंटर हाफ:
हे मान्य आहे. तास कमी करा. पण तास कमी होईपर्यंत नापास मुलाला खेळवत राहायचं, हे मला पटणार नाही.

अंडर सिक्स्टीनचा कोच:
दुसऱ्या अकादमीत शिकवतो, तरी बोलतो, कारण सगळं खापर सरावावर फुटतंय. चौदा ते सतरा ही वर्षं परत येत नाहीत. फर्स्ट टच, दोन्ही बाजूंनी ट्रॅपिंग म्हणजे बॉल अडवणं, ड्रॅग फ्लिक म्हणजे स्टिकने बॉल ओढत गोलवर फेकणं, हे शंभरदा केल्याशिवाय अंगात मुरत नाही. आणि आता हॉकी काय वेगाने चालते बघा, १९९२ पासून रोलिंग सब्स्टिट्यूशन आहे, म्हणजे खेळाडू कितीही वेळा बदलता येतात, बाहेरून ताजा माणूस सारखा आत येतो, त्याला तोड द्यायची तर फिटनेस पाहिजेच. पालक आधी सांगतात सर याला मोठा प्लेअर करा आणि वर्षभराने म्हणतात सर फार दमतो. खेळ आणि अभ्यास दोन्ही जमवलेली माणसं आहेत की. डॉ. वेस पेस १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकला ब्राँझ जिंकलेल्या संघात मिडफिल्डला होते आणि क्रीडावैद्यकातले डॉक्टरही होते. शिस्त लागते, दुसरं काय.

गोलीची आई:
सर, शिस्त कबूल. पण झोपेचं काय? तेरा ते अठरा वयाला रात्री ८ ते १० तास झोप लागते असं अमेरिकेतल्या झोपेच्या डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्ये सांगितलंय. दहाला अभ्यासिका सुटते, साडेपाचला टर्फवर उभं राहायचं म्हणजे पाचला उठणं आलं, म्हणजे पोरगं पडल्या पडल्या झोपलं तरी सातच तास, आणि या वयात पडल्या पडल्या झोप लागत नाही, शरीराचं घड्याळच उशिरावर सरकलेलं असतं. २०१४ मध्ये शाळकरी खेळाडूंचा एक अभ्यास आला होता, त्यात ८ तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना दुखापत होण्याची शक्यता १.७ पट निघाली. आणि तुम्ही म्हणता ते ड्रॅग फ्लिक अंगात मुरणं, ते सुद्धा झोपेतच पक्कं होतं ना? माझ्या मुलीच्या गुडघ्याखाली टेंगूळ आलं, उंची भराभर वाढत होती तेव्हा, डॉक्टर म्हणाले ऑसगूड श्लॅटर, वाढीच्या वयात उड्या आणि धावणं जास्त झालं की होतं, सराव कमी करा. तिने हे मैदानावर सांगितलंच नाही, संघातून नाव जाईल म्हणून. दोन महिने टेप लावून खेळली आणि आम्हाला सुट्टीत घरी आल्यावर दिसलं. हे मी विसरू शकत नाही.

अभ्यासिकेतली मॅडम:
मी रोज साडेआठ ते दहा अशाच एका अभ्यासिकेत बसते म्हणून लिहिते. झोपतात ती सगळीच दमलेली असतात असं नाही, काहींच्या मांडीवर फोन असतो, तेही बघते मी. पण मुद्दा वेगळा आहे. नियम नीट वाचा. मॅच बंद, प्रॅक्टिस चालू. मॅच किती वेळाची? १५ मिनिटांचे चार क्वार्टर, म्हणजे ६० मिनिटं, तेही आठवड्यातून एकदा. त्यातही हा मैदानात असणार निम्मा वेळ. म्हणजे तुम्ही मुलाकडून आठवड्यातला सगळ्यात आवडता एक तास काढून घेतला आणि चोवीस तास तसेच ठेवले. त्याला अभ्यासाला जास्तीचा वेळ मिळाला किती? काहीच नाही. मागच्या वेळी माझ्याकडच्या एका मुलाला असंच बसवलं होतं. मॅचच्या दिवशी तो संघाबरोबर बसने गेला, बाकावर बसला, बाटल्या भरून दिल्या, संध्याकाळी परत आला. पुस्तक उघडलंच नव्हतं, कारण उघडायला जागाच नव्हती. पुढच्या चाचणीत तो एका विषयाने आणखी खाली गेला. नापास मुलाचं काही काढायचंच असेल तर सकाळचं सेशन काढा, दोन दिवस का होईना. तोही सातपर्यंत झोपेल आणि शाळेत पहिल्या तासाला डोळे उघडे असतील. मॅच राहू द्या, त्यासाठीच तर तो पुस्तक हातात घेतो.

अंडर सिक्स्टीनचा कोच:
मॅडम, सराव बुडवून मॅच खेळायची? बाकीची पोरं पहाटे येतात त्यांना काय सांगू? त्यांना वाटेल नापास झालं की झोपायला मिळतं.

अभ्यासिकेतली मॅडम:
हा प्रश्न खरा आहे सर. माझ्याकडे त्याचं पूर्ण उत्तर नाही. सगळ्यांचीच एक सकाळ सुटली तर प्रश्नच राहणार नाही, पण ते माझ्या हातात नाही.

जुना सेंटर हाफ:
आइस हॉकीतला केन ड्रायडन घ्या. माँट्रियालचा गोली, सहा स्टॅनली कप, म्हणजे तिथल्या आइस हॉकी लीगचा सगळ्यात मोठा कप. १९७३-७४ चा अख्खा सीझन तो खेळला नाही, कराराच्या पैशांवरून वाजलं होतं, आणि ते वर्ष त्याने एका वकिलांच्या फर्ममध्ये उमेदवारी करण्यात घालवलं, लॉ शिकलेलाच होता. परत आला आणि पुन्हा कप जिंकले. एक वर्ष बाहेर राहून त्याची हॉकी संपली नाही.

राइट इनचा बाबा:
दादा, तो तेव्हा दोन कप जिंकलेला माणूस होता आणि स्वतः ठरवून बाहेर बसला. माझा पोरगा पंधराचा आहे आणि वाढ उशिराची, जन्म वर्षाच्या शेवटच्या महिन्यातला. वयोगटात याच्या पुढे उभी असलेली मुलं दहा-अकरा महिन्यांनी मोठी असतात. कॅनडात १९८५ मध्येच हे दाखवलं गेलं की निवडल्या जाणाऱ्या आइस हॉकीपटूंत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेलेच जास्त भरतात. हा आत्ताच बुटका म्हणून मागे आहे, त्यात दोन महिने मॅचला दिसला नाही तर निवड करणारे याला बघणार कधी? हेच कारण मी अभ्यासासाठी पण धरतो बरं का, याचं पुढे काय होईल कुणालाच सांगता येत नाही, म्हणून पुस्तक सुटायला नको.

मॅडम, तुमचं मॅचच्या तासाचं गणित वाचून मी वही घेऊन बसलो. अकादमीला अर्ज लिहिलाय. चाचणीपर्यंत मंगळवार-गुरुवार सकाळ मोकळी द्या, संध्याकाळ पूर्ण करेल, मॅचला निदान संघात नाव ठेवा, दोन्ही विषय सुटले नाहीत तर मी स्वतः बसवायला सांगेन. मुलाला वाचून दाखवला फोनवर. त्याने पहिल्यांदा विचारलं की सकाळी आला नाही तर ड्रॅग फ्लिक मारायची जागा दुसऱ्याला जाईल का.

जुना सेंटर हाफ:
अर्ज द्या. त्यातलं बसवायला सांगेन हे शेवटचं वाक्य खोडू नका तेवढं. ऑपरेशननंतर मी शाळेची राहिलेली परीक्षा दिली तेव्हा कुबड्या बाकाखाली सरकवून बसलो होतो, आजूबाजूची पोरं माझ्यापेक्षा तीन-चार वर्षांनी लहान, आणि पहिला पेपर गणिताचाच होता.