'मेरी ख्रिसमस'मधली कतरिना: दुसऱ्यांदा पाहिल्यावरच पटते, हा गुण की दोष?

गोदाकाठ (गंगापूर रोड, नाशिक)

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांनी इथेच थांबा. पुढे सगळं रहस्य उघडं केलं आहे.

श्रीराम राघवन यांचा 'मेरी ख्रिसमस' १२ जानेवारी २०२४ ला लागला. नाताळची गोष्ट संक्रांतीच्या आठवड्यात आली, फारशी चालली नाही, आणि मग लोकांनी ती घरी बसून पाहिली. तेव्हापासून आमच्या ग्रुपात एकच वाक्य ऐकते आहे: "सिनेमा चांगलाय, पण कतरिना?" या 'पण'शी माझं भांडण आहे.

गोष्ट थोडक्यात सांगते. नाताळच्या आदल्या रात्री अल्बर्ट (विजय सेतुपती) बऱ्याच वर्षांनी मुंबईतल्या घरी परततो. हॉटेलात त्याला मारिया (कतरिना कैफ) आणि तिची न बोलणारी मुलगी ॲनी भेटतात. सिनेमा, गप्पा, मग मारियाच्या घरी दारू आणि नाच. दोघं जरा बाहेर जाऊन परत येतात तर खुर्चीत मारियाच्या नवऱ्याचं प्रेत. शेवटी कळतं की नवऱ्याला तिनेच आधी मारलेलं होतं. एकाच इमारतीत दोन मजल्यांवर तिने हुबेहूब सारखी घरं सजवली आणि अल्बर्टला साक्षीदार म्हणून गाठलं. मूळ गोष्ट फ्रेडरिक दार या फ्रेंच लेखकाच्या कादंबरीतली.

आता हे डोक्यात ठेवून सिनेमा परत पाहा. हॉटेलात मारिया मुलीला घेऊन शांत बसली आहे असं पहिल्यांदा वाटतं. दुसऱ्यांदा कळतं की ती माणूस शोधते आहे. दिवाणखान्यातला नाच पहिल्यांदा मोकळा वाटला होता. दुसऱ्यांदा पाहताना माझ्या पोटात गोळा आला, कारण त्याच इमारतीत प्रेत आहे, हे तिला माहीत आहे, आणि तरीही त्या चार मिनिटांत ती खरोखर सुखात आहे. नाटक आणि सुख एकाच चेहऱ्यावर, आणि एकाने दुसऱ्याला झाकलेलं नाही. कतरिनाच्या आजवरच्या कामात मला असं काही दिसलं नव्हतं. प्रेत दिसल्यावरचा तिचा धक्का थोडा खोटा वाटतो अशी तक्रार सगळे करतात. अहो, तो खोटाच आहे! मारियाला ते प्रेत नवं नाही.

सिडकोकर

ताई, तुमचं म्हणणं ऐकायला छान आहे, पण त्याने कुठलाही कच्चा अभिनय वाचवता येईल. नटीचा चेहरा कोरा राहिला की म्हणायचं पात्रच लपवतंय. संवाद ओढून बोलला की म्हणायचं पात्र खोटं बोलतंय. कच्चा अभिनय आणि कच्चा अभिनय करणाऱ्या बाईचा अभिनय, यांत प्रेक्षकाला फरक दिसायला नको का? तब्बूने राघवन यांच्याच 'अंधाधुन'मध्ये (२०१८) तो दाखवला होता. नवऱ्याच्या खुनानंतर ती रडते ते खोटं आहे हे आपल्याला ठाऊक असतं, तरी ते इतकं बेमालूम असतं की आपण तिला भितो. कतरिनाची भीती मला कुठेच वाटली नाही.

आणि दुसऱ्यांदा पाहा हे सांगणं मला पटतच नाही. माणूस एकदा तिकीट काढतो. पहिला तास माझ्यासाठी फार लांबला. दोघं चालतायत, बोलतायत, मुलीला झोपवतायत, परत बोलतायत. 'जॉनी गद्दार' (२००७) बनवणाऱ्या माणसाकडून मी हे अपेक्षित धरलं नव्हतं.

निफाडची थंडी

पहिला तास लांबला हे शंभर टक्के मान्य. बाकी वाद तुमचा चालू द्या.

पंचवटी कारंजा

सिडकोकर, मी वयाने मोठा असल्याने जुनं उदाहरण देतो. राजा परांजपे यांनी १९६४ साली 'पाठलाग' केला, त्यावरून राज खोसलांनी १९६६ साली 'मेरा साया' केला. बायको वारली म्हणून वकील नवरा शोकात, आणि पोलिसांनी पकडलेली एक बाई म्हणते, मीच ती. कोर्टात सुनील दत्त तिला उलटसुलट प्रश्न विचारतो. साधना तिथे जे करते ते पहिल्यांदा पाहणाऱ्याला दोन्ही बाजूंनी खरं वाटलं पाहिजे. ही बाई लबाड आहे असंही वाटावं आणि हीच ती असंही. निकाल कळल्यावर पुन्हा पाहिलं तर एकही नजर चुकीची निघता कामा नये. प्रेमकथा आणि रहस्यकथा एकत्र आली की नटीवर हे दुहेरी ओझं येतं. साध्या प्रेमकथेत ते नसतं.

म्हणजे दुसऱ्यांदा पाहणं ही चैन आहे असं मी म्हणणार नाही, या प्रकारच्या सिनेमाची ती परीक्षाच आहे. पण गोदाकाठताई, साधना पहिल्या खेपेलाही तुम्हाला धरून ठेवते. कतरिना दुसऱ्या परीक्षेत पास झाली, पहिलीत काठावर. एवढंच माझं मत.

गोदाकाठ

काका, 'काठावर' म्हणालात तेही मी घेते. पण सिडकोकर, तब्बूची तुलना मला अन्यायाची वाटते. 'अंधाधुन'मधली सिमी धोकादायक आहे आणि राघवन यांना आपण तिला भ्यावं असंच हवं आहे. मारियाला भिऊन कसं चालेल? शेवटी अल्बर्टने जे करायचं आहे ते आपल्यालाही करावंसं वाटलं पाहिजे. तिच्यात धाक आला असता तर तो शेवट कोसळला असता. ती दमलेली, हातघाईला आलेली आई आहे, सराईत खुनी बाई नाही. तिचं नाटक जरा उघडं पडतं म्हणून तर अल्बर्ट तिच्याजवळ सरकतो. स्वतः काहीतरी लपवणारा माणूस दुसऱ्याची लपवाछपवी लगेच ओळखतो.

हौशी रंगकर्मी (नाशिकरोड)

मी नाटकात काम करतो, त्या बाजूने लिहितो. तालमीत सगळ्यात अवघड काम म्हणजे खोटं बोलणारं पात्र. नवखा नट खोटेपणा 'दाखवायला' जातो, डोळे फिरवतो, थांबतो. अनुभवी नट खरं बोलल्यासारखंच बोलतो आणि फक्त श्वास बदलतो. या कसोटीवर मला वाटतं दोघंही बरोबर आहात, पण वेगवेगळ्या प्रसंगांबद्दल. नाचात कतरिना श्वासाने काम करते. प्रेतापाशी ती दाखवायला जाते. दिग्दर्शकाने तिथे कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर कमी ठेवायला हवा होता.

आपण नाशिककरांनी हे नीट बोलायलाच हवं. फाळके आपल्या त्र्यंबकचे. त्यांच्या १९१७च्या 'लंकादहन'मध्ये अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता दोन्ही केले होते. एका देहात दोन माणसं उभी करणं ही आपल्या सिनेमातली पहिल्यापासूनची कसरत आहे, आणि तीही संवादाशिवाय.

मला आश्चर्य वाटतं ते याचं की सेतुपतीबद्दल कोणी काहीच लिहिलं नाही.

सिडकोकर

सेतुपती उत्तम, त्यात वाद नाही. त्याचं हिंदी अडखळतं, पण ते अल्बर्टला शोभतं. तो ऐकतो फार छान. समोरचा बोलत असताना त्याच्या चेहऱ्यावर विचार सरकताना दिसतात. माझा मुद्दा हाच की जो नट नुसता ऐकून इतकं देतो, त्याच्यासमोर कतरिनाचं उणेपण जास्त दिसतं.

गोदाकाठ

मला उलट वाटलं. तो ऐकतो म्हणून ती मोकळी होते. हिंदी आणि तमिळ अशा दोन भाषांत सिनेमा वेगवेगळा चित्रित झाला, ही जोडी दोन्हीत तीच, आसपासचे कलाकार मात्र बरेचसे बदलले. तमिळ आवृत्ती मी पाहिली. हिंदीतले विनय पाठक आणि प्रतिमा काझमी यांचे पोलीस मला जास्त आवडले, विशेषतः काझमी. चौकशीच्या प्रसंगात ती फार काही न करता सगळं टिपते. पण या दोघांचं जमलेलं दोन्हीकडे सारखंच आहे, आणि भाषा बदलून टिकतं ते नुसत्या संवादफेकीवर उभं नसतं.

सातपूर फर्स्ट शिफ्ट

मी कामावरून येऊन रात्री एकट्याने पाहिला. मला पहिला तास अजिबात लांब वाटला नाही. दोन अनोळखी माणसं एकमेकांना पारखत रात्र काढतात, त्याला वेळ लागणारच. त्या तासाशिवाय शेवट कळलाच नसता.

पण शेवटाबद्दल एक शंका आहे आणि ती कतरिनापेक्षा मोठी आहे. पोलीस ठाण्यात विवाल्डीचं संगीत चालू, संवाद जवळपास नाहीत, आणि अल्बर्ट तिच्या बोटात अंगठी घालून स्वतःला अडकवून घेतो. एका रात्रीच्या ओळखीवर? आधी प्रेमापायी खून करून (राधिका आपटेची रोझी, किती थोड्या वेळात केवढं काम!) तो तुरुंग भोगून आलाय. असा माणूस परत तेच करेल?

पंचवटी कारंजा

असाच माणूस करेल. रोझीला मारताना त्याने जे बिघडवलं ते त्याला कशानेच भरून काढता येत नव्हतं. इथे एक बाई आणि एक मूल वाचतं. त्याला हा सौदा महाग वाटत नाही.

सिडकोकर

काका, तर्क पटला, प्रसंगही मला आवडला. पण पुन्हा पाहा, त्या प्रसंगात भाव कोण देतंय? सेतुपती. कतरिना त्याच्याकडे बघते आहे, एवढंच.

गोदाकाठ

नीट बघा ना. अंगठी बोटात जाते तेव्हा ती आधी हाताकडे पाहते, मग त्याच्याकडे, आणि त्या दोन नजरांच्या मध्ये तिला सगळं उमगतं. रात्रभर जिने दुसऱ्याला फसवायला चेहरा वापरला, तिच्याकडे त्या क्षणी लपवायला काहीच उरत नाही. तिथे तिने अजून काही 'केलं' असतं तर मी तुमच्या बाजूने आले असते.